शिळेवर नसलेला आकडा

दक्षिण महाराष्ट्रात आणि कोकणात हिंडताना कित्येक गावांत एक जुनी पाटी दृष्टीस पडते. कोठे ती चावडीच्या भिंतीत बसविलेली असते, कोठे शाळेच्या ओट्यापाशी, कोठे देवळाच्या आवारात. चुन्याचे हात बसून बसून तिची अक्षरे बुजत आलेली असतात. पहिले महायुद्ध संपल्यावर त्या वेळच्या सरकारने ह्या पाट्या बसविल्या. त्यांवरचा मजकूर ठरीव आहे. ह्या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला किती माणसे गेली, हा पहिला आकडा. त्यांपैकी किती कामी आली, हा दुसरा. बहुधा नावे नाहीत. सातारा जिल्ह्यातल्या एका अपशिंग्याला तर लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात, इतका त्या मुलखाचा आणि फौजेचा संबंध जुना आहे.

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकविला. वजाबाकीची सवय जात नाही. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की परत आलेल्यांचा आकडा निघतो. पण त्या पाच वर्षांत मागे राहून ज्यांनी घर चालविले, त्यांचा आकडा कोणत्याही बेरजेने वा वजाबाकीने निघत नाही. तो कोणी मांडलाच नाही.

लढाईच्या काळात शिपायाच्या बायकोने घर सांभाळले, हे कोणी नाकारीत नाही. सत्कारसमारंभात तिच्या त्यागाविषयी चार वाक्येही बोलली जातात. त्याग हा शब्द मात्र फार सोयीचा आहे. तो उच्चारला की पुढे चौकशी करावी लागत नाही. मला चौकशी करावयाची आहे ती साधी: घर चालवावयाचे म्हणजे पैसा, जमीन आणि कागद ह्या तिन्हींशी गाठ. ह्या तिन्हींवर तिचा हात कितपत चालत होता? माझे उत्तर असे की, घराची सगळी जबाबदारी तिच्याकडे आली. अधिकार मात्र आला नाही. आणि जेथे आला तेथे तो तिचा म्हणून आला नाही, घेणारा दुसरा कोणी उरला नाही म्हणून आला.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लक्षांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. शिपायाचा पगार महिना अकरा रुपये. आपल्याकडच्या पलटणींच्या वाट्याला मुख्यतः मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, आला. जनरल टाउनशेंडच्या हाताखालच्या सहाव्या डिव्हिजनचे नावच ‘पुणे डिव्हिजन’ असे होते, आणि तीत एकशेतीन, एकशेदहा आणि एकशेसतरा ह्या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये ही डिव्हिजन कूट येथे वेढ्यात सापडली. उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या हाती लागली आणि त्यांतली पुष्कळशी पुढच्या पायपिटीत व छावण्यांत मेली.

कूटचा वेढा लष्करी इतिहासात सविस्तर आहे. त्याची दुसरी बाजू सह्याद्रीच्या पायथ्याला होती. माणूस लढाईत पडला तर कळविता येते. परतला तर तो स्वतःच दारात उभा राहतो. पण कैदेत गेलेल्याचे किंवा बेपत्ता झालेल्याचे काय? अशा माणसाची बायको सवाष्ण म्हणावी की विधवा, ह्याचे उत्तर कचेरीपाशी नव्हते आणि घरच्या वडीलधाऱ्यांपाशीही नव्हते. हळदीकुंकवाला तिला बोलवावे की नाही, असा प्रश्न आळीतल्या बायकांना पडे. जेथे पाट लावण्याची चाल होती, तेथेही मयताची खात्री झाल्याशिवाय पाट कसा लावणार? आणि खात्री होऊन निवृत्तिवेतन चालू झाले, तर पुन्हा संसार मांडताच ते बंद होणार. तरुण बाईपुढे सरकारने आणि जातीने मिळून असा हिशेब मांडून ठेवला होता.

त्यातच १९१८ साल उजाडले. पाऊस फसला. जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएंझा शिरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या दुसऱ्या लाटेने गावेच्या गावे झोपविली. देशभरात एक कोटीहून अधिक माणसे ह्या साथीत गेली. मुंबई इलाख्याच्या आकड्यांचा अभ्यास करणाऱ्यांना असे दिसून आले की, वीस ते चाळीस ह्या वयांत पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक मेल्या. त्याची कारणे शोधावयास फार लांब जावे लागत नाही. घरातल्या आजाऱ्याची उठबस करणारी तीच, आणि दुष्काळात सर्वांच्या मागून जेवणारीही तीच. मेसोपोटेमियातून जिवंत सुटलेला एखादा शिपाई दिवाळीनंतर गावी येतो आणि पाहतो तो घराला कुलूप. पाटीवर तो ‘गेलेल्यां’त मोजला जातो, त्याची बायको कोणत्याच आकड्यात नाही.

नवराबायकोचा संबंध त्या काळात पत्राने टिकत असे, असे आपण म्हणतो. ते पत्र कसे जाई ते पाहावे. खंदकातल्या शिपायाला बहुधा लिहिता येत नसे. त्याचे पत्र पलटणीतला दुसरा कोणी लिही. मग ते सेन्सॉर वाची. हिंदी फौज फ्रान्समध्ये उतरल्यावर तिच्या पत्रांसाठी असे स्वतंत्र खातेच उघडले गेले, आणि त्याने भाषांतरून ठेवलेले उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यानंतर गावचा पोस्टमन आणि शेवटी पत्र वाचून दाखविणारा गावातला शिकलेला माणूस. नवराबायकोच्या मध्ये अशी चार माणसे बसलेली. अशा पत्रात बाई काय विचारणार आणि तो काय सांगणार? बैलाची खबर, पावसाची खबर, थोरामोठ्यांना रामराम. ह्या कोरड्या ओळींतच जे काही ओले असेल ते ओळखावे लागे.

पत्रापेक्षा बोलकी होती मनीऑर्डर. १८८० पासून आपल्याकडे पोस्टाने पैसे पाठविता येऊ लागले आणि कोकणातला व घाटावरचा एक मोठा भाग मनीऑर्डरीवर जगू लागला. गिरणीतला चाकरमानी, बोटीवरचा खलाशी, पलटणीतला शिपाई, सर्वांचा संसार त्या फॉर्मच्या खालच्या चिठोऱ्यावर उरकलेला असे. त्यामुळे नवरा परमुलखात आणि बायको घरी, हा प्रकार आपल्या बायकांना लढाईने नव्याने शिकविला नाही. लढाईने एवढेच केले की, शिमग्याला किंवा गणपतीला तो येईल ही खात्री काढून घेतली.

आता प्रश्न असा की, मनीऑर्डर यावयाची कोणाच्या नावाने? शिपायाच्या घरी जो पैसा येई तो त्याच्याच पगारातून कापलेला भाग असे, आणि तो कोणाला पाठवावयाचा हे शिपाई सांगे. एकत्र कुटुंबात साहजिकच वडिलांचे नाव लागे. वडील नसतील तर थोरल्या भावाचे. विलायतेत ह्याच सुमारास वेगळे घडत होते. तेथे शिपायांच्या बायकांना सरकारी भत्ता परस्पर त्यांच्या हाती मिळे. लिव्हरपूल शहरात हा भत्ता वाटण्याच्या कामी एलिनॉर रॅथबोन नावाची बाई होती. पैसा थेट बाईच्या हाती पडला की घर कसे चालते हे तिने तेथे पाहिले, त्यावर १९२४ साली एक ग्रंथ लिहिला, आणि पुढे वीस वर्षे पार्लमेंटात व बाहेर झगडून १९४५ साली मुलांसाठी कुटुंबभत्त्याचा कायदा पदरात पाडून घेतला. त्या कायद्याच्या मूळ मसुद्यात भत्ता बापाला द्यावयाचा होता. बाईंनी आग्रह धरून तो आईच्या नावे करविला. पैसा किती, ह्याइतकाच कोणाच्या हाती, हा प्रश्न मोठा आहे हे त्यांना त्या शिपायांच्या बायकांनी शिकविले होते. आपल्याकडे तीच शिकवण हजारो घरांत मिळाली. पण तेथे ती ग्रंथात उतरली नाही, चुलीपाशीच राहिली.

दुसऱ्या महायुद्धाविषयी लिहिताना मी आमच्या घरचा दाखला देणार आहे. तो असाधारण आहे म्हणून नव्हे. तो साधारण आहे, आणि मला खात्रीने ठाऊक आहे, म्हणून. माझे वडील १९४० साली बेळगावला जाऊन मराठा पलटणीत भरती झाले. ते आधी इराकमध्ये आणि मग इटलीत होते. परत आले ते १९४६ च्या उन्हाळ्यात. माझा जन्म त्यानंतरचा. मला जे ठाऊक आहे ते आईने निरनिराळ्या वेळी, निवडताना, टिपताना, वाती वळताना सांगितलेले. भरती झाली तेव्हा ती सोळा वर्षांची होती. घर खटाव तालुक्यात. पाच-सहा एकर जिराईत, विहिरीवर थोडे बागाईत, दोन बैल, एक म्हैस. घरात डोळ्यांनी अधू झालेले सासरे, सासू, शाळेत जाणारा धाकटा दीर आणि माझा थोरला भाऊ, जो तेव्हा पाळण्यात होता.

मनीऑर्डर बारा रुपयांची, सासऱ्यांच्या नावाने. गावचे पोस्ट म्हणजे शाळेच्या मास्तरांचे टेबल. सासऱ्यांचा अंगठा, एक साक्षीदार, आणि पैसे त्यांच्या धोतराच्या सोग्यात. आईला तेल-मिठापुरते मिळावयाचे आणि तेही मागून. सासरे माणूस वाईट नव्हते. पण आई म्हणे, “पैका माझ्या कुकवाचा, आन् मागायचा मात्र हात पसरून.” ह्याहून अधिक तक्रार तिने कधी केली नाही.

पहिली दोन वर्षे बारा रुपयांत निभावले. मग तेच बारा रुपये पुरेनासे झाले. हे कसे झाले ते आईला कळले नव्हते. मला पुष्कळ पुढे पुस्तकांतून कळले. ब्रिटनने लढाईसाठी हिंदुस्थानात जो माल घेतला आणि जो खर्च केला, त्याचे पैसे लंडनला स्टर्लिंगच्या रूपाने खात्यावर जमा धरले. इकडे त्या खात्याच्या आधारावर रिझर्व्ह बँकेने नोटा छापल्या. युद्धाच्या आरंभी देशात पावणेदोनशे कोटींच्या आसपास नोटा फिरत होत्या. युद्ध संपता संपता त्या बाराशे कोटींच्या घरात गेल्या. माल मात्र तेवढाच. त्यातलाही बराच फौजेकडे गेलेला. भाव दुपटीहून वर गेले. म्हणजे ज्या सरकारसाठी माझे वडील इटलीत लढत होते, त्याच सरकारने छापलेल्या नोटा त्यांच्या मनीऑर्डरीचे मोल खटाव तालुक्यात अर्ध्यावर आणीत होत्या. ह्या काळातल्या सेन्सॉरच्या अहवालांत घरच्या महागाईविषयी शिपायांच्या काळजीची नोंद पुन्हा पुन्हा येते. शत्रूच्या तोफेपेक्षा घरच्या ज्वारीचा भाव शिपायाला जास्त अस्वस्थ करीत होता, हे साहेबांच्याही ध्यानात आले होते.

नोटांची ही गोष्ट नाण्यांतही दिसली. १९४० साली रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. जुने राणीछाप रुपये १९४१ साली चलनातून बाद झाले. तांब्याची टंचाई पडली तेव्हा १९४३ मध्ये भोकाचा पैसा निघाला. आमच्या भागातल्या पोरांनी तो करदोट्यात ओवला आणि बायका म्हणाल्या, सरकारच्या पैशालाच आता भोक पडले.

मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ व रॉकेल दोन्ही बंद झाली. तांदळाचा घाव कोकणाला अधिक बसला, रॉकेलचा सर्वांना. दिवेलागणीनंतर तासाभरात गाव अंधारात बुडे. धाकट्या दिराचा अभ्यास चुलीच्या उजेडात चाले. मुंबईत २ मे १९४३ पासून धान्याचे रेशनिंग सुरू झाले आणि त्या रेशनसाठी खेड्यांतून धान्य उचलणे आले. पिकाची आणेवारी व्हावयाची, क्षेत्र पाहावयाचे आणि लेव्हीचे धान्य घालावयाचे. कापड परवान्यावर. आईने तीन वर्षे दोन लुगड्यांवर काढली. एकाचे दांड दुसऱ्याला.

लेव्ही घालावयाची तर आधी पिकविले पाहिजे. शेतात बाई सर्व कामे करते असे म्हणतात ते खरे. पण नांगराला आणि मोटेला तिने हात लावू नये अशी आमच्याकडची रीत होती. चाड्यावर मूठ आई धरी, आणि तिचा पेरा सारखा पडे असे लोक सांगत; पाभर हाकावयाला मात्र पुरुष पाहिजे. गावात तरुण माणूस उरला नव्हता, कारण जे गेले होते ते एका घरातून गेले नव्हते. आई इर्जिक घाली. दहा घरची औते एक दिवस आपल्या रानात बोलवावयाची आणि संध्याकाळी जेवण. पण इर्जिक हे उसने आहे. ते फेडावे लागते. पुरुष नसलेले घर ते कशाने फेडणार? आईने खुरपणीने फेडले. एका औताच्या दिवसाला तीन दिवसांची खुरपण, असा तिने स्वतःच भाव ठरविला होता. तो रास्त होता की नाही हे मी तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, “रास्त कुठलं? पण नड माझी हुती.”

दुसरा मार्ग म्हणजे जमीन वाटेकऱ्याला अर्धलीने लावावयाची. पुष्कळ शिपायांच्या घरांनी ती तशी लावली आणि परत आल्यावर ती सोडविताना भांडणे झाली. कूळकायद्यात पुढे विधवा, अज्ञान मुले आणि फौजेतली माणसे यांच्यासाठी वेगळी कलमे घालावी लागली, ती ह्याच तऱ्हेची अडचण ओळखून. आईने जमीन लावली नाही. सासऱ्यांचा विचार लावण्याचा होता. तिने एवढेच म्हटले की, ते येतील तेव्हा त्यांना वाटेकऱ्याच्या दारात उभे राहावे लागेल. हा तिचा पहिला निर्णय. तो कोणत्याही कागदावर नाही, कारण सातबारावर तिचे नाव नव्हते आणि येण्याचे कारणही नव्हते. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हिस्सा दिला होता. पण प्रांतांतल्या शेतजमिनीला तो लागू नाही असा निकाल १९४१ साली फेडरल कोर्टाने दिला. म्हणजे वडील इटलीत पडले असते, तर जे रान तिने राखले त्यावर त्या कायद्याने तिला काही मिळाले नसते.

आमच्या मुलखात ह्याच वर्षांत आणखी एक लढाई चालू होती. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर गेलेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसे मेली. पुढे नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. त्याने न्यायदान मंडळे चालविली, सावकार-गुंडांना जरब बसविली. ज्या गावांतून राजाच्या फौजेला माणसे गेली, त्याच गावांतून राजाच्या राज्याविरुद्ध माणसे भूमिगत झाली. कित्येकदा ती एकाच भावकीतली. रात्री भाकरी मागावयाला येणारे एक आणि सकाळी चौकशीला येणारे दुसरे. आईने भाकरी दिल्या आणि चौकशीला उत्तरही दिले: “माझा मालक तुमच्याच सरकारच्या लढाईवर हाय. घरात बघा, दोन म्हाताऱ्या जिवांशिवाय कोण हाय?” दोन्ही वेळा ती खरेच बोलली होती. देशभक्त कोण आणि राजनिष्ठ कोण हे ठरविणाऱ्या पुस्तकांत अशा घराला कोठे बसवावे, हे मला अजून उमगलेले नाही. त्या घरातल्या बाईला ते ठरविण्याची सवडही नव्हती.

जानेवारी १९४४ मध्ये सासरे वारले. पुढच्या महिन्याची मनीऑर्डर आली ती त्यांच्याच नावाने. मास्तरांनी ती परत पाठविली. ह्यात कोणाचा दोष म्हणावा असे नाही. मयत माणसाला पैसे देता येत नाहीत. दिराने इटलीला पत्र लिहिले. पत्राला महिना दीड महिना लागे. वडिलांनी नवे नाव कळविले, ते धाकट्या भावाचे. तो पंधरा वर्षांचा. अज्ञान म्हणून तो कागद माघारी गेला. पुन्हा पत्र, पुन्हा दीड महिना. बायकोचे नाव घालावे हे वडिलांना आधी का सुचले नाही, असा प्रश्न आजचा वाचक विचारील. वडिलांचे आईवर प्रेम नव्हते असे मुळीच नाही. पैसे घ्यावयाला घरातला पुरुष पाहिजे हे त्यांच्या मनात इतके पक्के होते की, त्याला विचार म्हणणेच चूक ठरेल.

त्या मधल्या सहा महिन्यांत आईने सासूचे गाडग्यातले राणीछाप रुपये सोनाराकडे तोळ्यावर विकले, स्वतःच्या बुगड्या गहाण टाकल्या, म्हशीचे दूध घरात थेंब न ठेवता रतिबाला घातले आणि लेव्हीही चुकविली नाही. माझ्या थोरल्या भावाला त्या वर्षी दूध मिळाले नाही. तो लहानखुराच राहिला. आई ह्याचा संबंध त्या दुधाशी लावी, आणि ते सांगताना तिचा आवाज खाली येई. घर चालविणे म्हणजे कोणाच्या तोंडचे काढून कोणाला द्यावयाचे हे रोज ठरविणे, आणि ते ठरविल्याचा भार मरेपर्यंत एकटीने वाहणे.

जुलै १९४४ मध्ये तिच्या नावाची पहिली मनीऑर्डर आली. मास्तरांनी शाईची पाटी पुढे केली. आई म्हणाली, “अंगठा नगं. सही करती.” सहा महिने ती दिराच्या पाटीवर आपले नाव गिरवीत होती, ह्याचा पत्ता सासूलादेखील नव्हता.

त्याच महिन्यात, १० जुलैला, इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे पडले. आपल्या तुकडीतले सारे सोबती पडल्यावर ते एकटे शत्रूच्या मशिनगनवर धावून गेले होते. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि तो त्यांच्या पत्नीच्या हाती देण्यात आला. आमच्या भागात ती बातमी आली तेव्हा बायकांना क्रॉसचे अप्रूप वाटले नाही. बावीस वर्षांच्या माणसाची बायको किती वर्षांची असेल, एवढाच हिशेब त्यांनी केला.

वडील १९४६ साली परत आले. मनीऑर्डर थांबली. आईने बुगड्यांची पावती, लेव्हीच्या पावत्या आणि रानाचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवला. वाद नाही, कुरकूर नाही. बाजाराला वडील जाऊ लागले, सोसायटीत त्यांचे नाव, चावडीवर त्यांचे बसणे. ते सज्जन होते; रान राखल्याबद्दल चारचौघांत बायकोची तारीफ करीत. पण पुढे विहीर खोल करावयाची ठरली, आणि मग भुईमूग मोडून ऊस लावावयाचा ठरला, तेव्हा तिला कोणी विचारले नाही. आणि आपल्याला विचारावे असे तिनेही म्हटले नाही. १९७९ साली वडील गेले. १९५६ च्या वारसा कायद्यामुळे तलाठ्याकडे वारसनोंद करताना मुलांबरोबर तिचे नाव घालावयाचे होते. तिने सही केली. अक्षरे तीच, १९४४ ची, पाटीवर गिरविलेली, एकमेकांपासून दूर दूर बसलेली. मधल्या तेहेतीस वर्षांत तिला कोठेही सही करावी लागली नव्हती.

लढाईने बायकांना स्वतंत्र केले, असे परदेशच्या इतिहासात वाचावयास मिळते आणि तेथेही त्याविषयी दुमत आहे. आपल्याकडच्या खेड्यांपुरते मला असे दिसते की, लढाईने बाईला काही दिले नाही. तिच्यापाशी काय होते ते काही वर्षे उघडे पडले. शेत, कर्ज, कागद, सरकार आणि भूमिगत, ह्या सर्वांशी ती बोलू शकते, हे गावाने पाहिले. पुरुष परत आले आणि गाव ते विसरले. ती विसरली नाही, एवढाच फरक. माझी सातवीची फी भरावयाची वेळ आली आणि पोरीला कशाला शिकवायचे असा सूर घरात निघाला, तेव्हा आयुष्यात एकदाच आई ठामपणे मध्ये पडली. “उद्या हिच्या नावानं पैका आला तर?” असे तिने विचारले. माझ्या शिक्षणाचे सारे समर्थन त्या एका प्रश्नात होते.

परदेशात, बसऱ्याच्या स्मारकावर मेसोपोटेमियात पडलेल्या चाळीस हजारांवर सैनिकांची नोंद आहे. गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांचे मात्र बहुतेक नुसते आकडे. ह्या भेदाची कबुली युद्धस्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाने २०२१ साली दिली. शंभर वर्षांनी का होईना, शिपायांची नावे शोधली जात आहेत. त्यांच्या बायकांच्या नावांचा शोध दगडावर लागणार नाही. तो लागलाच तर घराघरांत लागेल: जुन्या पेटीच्या तळाशी राहिलेल्या मनीऑर्डरीच्या चिठोऱ्यांत, सावकाराच्या पावत्यांत, लेव्हीच्या कागदांत, आणि अजून कोठे जिवंत असलेल्या एखाद्या नव्वदी उलटलेल्या आजीच्या आठवणीत. वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांनी ते रद्दीत घालू नये. आणि गावच्या पाटीपुढे कधी उभे राहाल तेव्हा दोन आकडे वाचून झाले की मागे वळून घरे मोजावीत. तिसरा आकडा तेथे आहे.